इंजिन बसलं, आता सँट्रो ठेवू का काढू?

मे महिना संपता संपता या सदराकडे येणाऱ्या पत्रांना एकच वास असतो, उकळलेल्या रेडिएटरचा. यंदाही तेच होऊन राहिलं. एक पत्र लांबलचक आहे आणि लिहिणारा माणूस खरंच पेचात आहे, म्हणून जास्त जागा त्याला दिली, बाकीची दोन शेवटी उरकली आहेत.

प्रश्न : नमस्कार दादा. मी मानेवाड्याला राहतो. माझ्याकडे सँट्रो झिंग आहे, पेट्रोल, एमएच ३१, नोव्हेंबर २०११ ची, एक लाख १८ हजार किलोमीटर झालेत. मागच्या महिन्यात सासुरवाडीहून, म्हणजे कारंजा लाडहून, समृद्धीनं परत येत होतो, दुपारचे दोन वाजले असतील, एसी फुल, आम्ही चौघं आणि डिक्कीत तुरीच्या डाळीचं पोतं. वर्धा जवळ आलं तशी गाडी ओढेना झाली. मी टेम्परेचरचा काटा पाहिला तर तो अर्ध्याच्या खालीच होता, म्हटलं एसीचा लोड असेल, ॲक्सिलेटर अजून दाबला. पाच-सात मिनिटांनी खालून खडखड आवाज आला आणि गाडी बंद. बोनेट उघडलं तर नुसती वाफ. वीसेक मिनिटं थांबलो, पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या होत्या त्या रेडिएटरमध्ये ओतल्या अन् सेल्फ मारला. एकदा सुरू झाली, परत बंद पडली. तिसऱ्यांदा सेल्फ नुसता टक् करून थांबला. तिथून टोचन करून आणली.

मिस्त्री म्हणतो इंजिन जाम आहे, हेड तर गेलंच, उघडल्यावर बाकीचं कळेल, ४० ते ४५ हजार धरून चाला. मोठ्या वर्कशॉपमध्ये विचारलं तर नवीन हाफ इंजिन (म्हणजे हेड सोडून खालचं), हेड, लेबर सगळं धरून एक लाख पाच हजार. एक जण सेकंडहँड इंजिन फिटिंगसकट ३० हजारात देतो म्हणतो, तीन महिन्यांची तोंडी गॅरंटी. कबाडीवाला आहे तशी गाडी २८ हजारात उचलायला तयार आहे. चालू असती तर सव्वा लाख आले असते असं डीलर म्हणतो. बायको म्हणते काढून टाका, बाबा म्हणतात लोखंड आहे, बनवून घे. दिवाळीत चार टायर आणि बॅटरी नवी टाकली, त्याचे १९ हजार गेले ते वेगळेच. महिन्याला ५००-६०० किलोमीटर चालते, आईला दवाखान्यात न्यायला गाडी लागतेच. नोव्हेंबरमध्ये १५ वर्षं होतात, मग सरकार गाडी जमा करते म्हणतात, खरं का? इन्शुरन्समधून काही मिळेल का? आणि हो, दोन वर्षांआधी एका गॅरेजवाल्यानं थर्मोस्टॅट काढून टाकला होता, म्हणे नागपुरात त्याची गरज नाही. तेव्हापासून कूलंट नाही, घरच्या बोअरिंगचं पाणीच टाकतो. त्याचा काही संबंध असेल का?

उत्तर : भाऊ, सगळ्या पत्राचं उत्तर तुम्ही शेवटच्या तीन ओळीत स्वतःच लिहून ठेवलंय आणि वर विचारताय संबंध असेल का.

आधी तो काटा. मे २०२४ च्या शेवटी नागपुरात ५६ अंश तापमान अशी बातमी देशभर फिरली होती, आठवतं नं? नंतर हवामान खात्यानं सांगितलं की त्या ऑटोमॅटिक स्टेशनचा सेन्सर बिघडला होता. तिथं सेन्सर जास्तीचं बोलला, तुमच्या गाडीत कमी बोलला, पण तुमच्या सेन्सरची चूक नाही. तो पाण्यात बुडालेला असतो आणि पाण्याचंच तापमान सांगतो. पाणी गळून गेलं की तो हवेत लटकतो, मग इंजिन लालबुंद होवो, काटा आपला खालीच. म्हणून उन्हाळ्यात काटा अचानक नेहमीपेक्षा खाली आला आणि गाडी ओढेना झाली तर खूश व्हायचं नाही, बाजूला लावायची. एसीतून गार हवेऐवजी कोमट हवा यायला लागली तरी हाच इशारा समजा. त्या पाच-सात मिनिटात तुम्ही अजून ॲक्सिलेटर दाबला, तिथं खरं नुकसान झालं.

दुसरी चूक गार पाण्याची. ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनचा सांगाडा, लोखंडाचा आणि त्याच्या वरचं हेड ॲल्युमिनियमचं, ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, वरून बोल्टनं आवळलेलं, मग ते वाकतं, मधलं गॅसकेट जळतं. अशा तापलेल्या धातूवर गार पाणी पडलं की तडा जायची भीती असते. वीस मिनिटं त्याला काहीच नाही हो, उन्हाळ्यातल्या दुपारी तर नाहीच, तासभर तरी हात लावायचा नव्हता. झालं ते झालं, सांगतो अशासाठी की घरात अजून दोघं-तिघं गाडी चालवत असतील.

आता थर्मोस्टॅट. हा आपल्या विदर्भातला जुना आजार आहे, नागपुरात ४५ अंश असतं तर थर्मोस्टॅट कशाला पायजे, काढा अन् फेका. बाप्पा, बाहेर ४५ असलं तरी इंजिनला आत ८५-९० च्या आसपास राहायचं असतं, ते धरून ठेवायचं काम थर्मोस्टॅट करतो. तो काढला की थंडीत इंजिन गरमच होत नाही, पेट्रोल जास्त पिते, ऑइलमध्ये ओल धरते. पण तुमचं इंजिन काही त्यानं मेलं नाही. मेलं ते बोअरिंगच्या पाण्यानं. बोअरिंगच्या पाण्याची बादली चार दिवस ठेवली की काठावर पांढरी रेघ धरते ती पाहिली असेल, तीच रेघ रेडिएटरच्या बारीक नळ्यांत दोन वर्षं बसत होती. त्यात कूलंट नाही म्हणजे गंजरोधक नाही, वॉटर पंपाची पाती खाल्ली जातात, होजच्या, म्हणजे रबरी नळीच्या, तोंडाशी पांढरा-हिरवा चुरा धरतो आणि एक दिवस तिथूनच पाणी सुटतं. शिवाय साधं पाणी १०० अंशाला उकळतं, रेडिएटरच्या झाकणाचा दाब मिळाला तर आणखी वीसेक अंश वर टिकतं, पण झाकणाचं रबर कडक झालेलं असलं तर तेही नाही. आणि अशी गाडी घेऊन समृद्धीवर, जिथं १२० ची परवानगी आहे आणि शंभर किलोमीटर पाय उचलावाच लागत नाही. गावात सिग्नलला थांबत थांबत चालणारी गाडी सहा महिने अजून रेटली असती, तिथं अर्ध्या तासात हिशेब झाला.

हे एवढं लांबण लावायचं कारण असं की इंजिन कोणतंही टाका, नवं, जुनं, बनवलेलं, रेडिएटर तोच ठेवला तर पुढच्या मे महिन्यात तुम्ही मला परत पत्र लिहाल. तिघांपैकी एकाच्याही कोटेशनमध्ये रेडिएटर, होज, पंप, थर्मोस्टॅट, झाकण धरलंय का हे तुम्ही लिहिलं नाही. बहुतेक नसेलच. मिस्त्रीला विचारा. हे सगळं धरून साधारण सहा-सात हजार वाढतील, आणि हे पैसे वाचवायचे नाहीत.

आता ठेवायची का काढायची. लोक इथं एकच गणित करतात, गाडीची किंमत सव्वा लाख, इंजिनला ४५ हजार, म्हणजे तिसरा हिस्सा, परवडते का नाही. हे गणित गाडी विकणाऱ्याचं आहे. तुम्हाला विकायची नाही, आईला दवाखान्यात न्यायची आहे. म्हणून विचारायचं ते असं की एवढे पैसे टाकल्यावर ही गाडी मला किती महिने बिनघोर चालेल, आणि तेवढे महिने दुसऱ्या गाडीनं काढायला किती लागतील. टायर-बॅटरीचे १९ हजार या हिशेबात धरू नका, ते गेले, गाडी काढली तरी परत येत नाहीत. एवढंच की ठेवली तर दोन-तीन वर्षं टायर घ्यायचे नाहीत.

मी तुमचा हिशेब असा मांडतो. इंजिन ४५ हजार, कूलिंगचं ७ हजार, गिअरबॉक्स उतरलेलाच असतो म्हणून क्लचप्लेट ४ हजार, नोव्हेंबरमध्ये रजिस्ट्रेशन रिन्यूअलचे ५ हजार, त्यावर पर्यावरण कर वेगळा. झाले ६०-६५ हजार. तीन वर्षं धरली तर महिन्याला सतराशे-अठराशे. दुसरीकडे, २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे नवी गाडी पहिल्यापेक्षा जवळ आली हे खरं आहे, वहिनींचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. पण पाच लाखांचं लोन साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर हप्ता साडेदहा हजाराचा येतो. म्हणजे सहा हप्त्यांत तुमची सँट्रो पूर्ण उभी राहते. महिन्याला ५०० किलोमीटरसाठी साडेदहा हजाराचा हप्ता, पाहा बुवा, तुमच्या पगाराचं मला माहीत नाही. दीड-दोन लाखाची दुसरी जुनी गाडी घ्या असंही कुणी सांगेल. तिचा इतिहास तुम्हाला ठाऊक नसतो, हिचा निदान ठाऊक आहे, वाईट असला तरी.

पण हा सगळा हिशेब दोन गोष्टींवर टांगलेला आहे आणि त्या दोन्ही इंजिनच्या बाहेर आहेत.

पहिली गोष्ट बॉडी. गाडी टोचन करून आणलेली आहे, तिथंच मिस्त्रीकडे रॅम्पवर चढवायला सांगा आणि एक मोठा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन स्वतः खाली जा. जॅक लावायची जागा, मागच्या सस्पेन्शनची बैठक, दोन्ही दाराखालची पट्टी, तिथं टोकानं दाबत जा. टण् आवाज आला तर ठीक. टोक आत रुतलं आणि तांबडा भुगा पडला तर तिथंच थांबा, इंजिनवर एक रुपया घालू नका. मग आत ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटसमोरचा कार्पेट उचलून हात फिरवा, एसीचं पाणी तुंबून तिथं ओल राहते आणि पत्रा खालून नाही, वरून सडतो, कुणाला दिसतही नाही. आपल्याकडे हवा कोरडी, कोकणातल्या गाड्यांसारखी चाळण सहसा होत नाही, त्यामुळे मला वाटतं तुमची बॉडी चांगली निघेल. पण वाटण्यावर ४५ हजार घालू नका.

दुसरी गोष्ट कागद, आणि इथंच तुमचा निकाल लागतो असं माझं मत आहे.

१५ वर्षांनंतर सरकार गाडी जमा करते हे खरं नाही. तो घोळ दिल्लीच्या बातम्यांमुळे झालाय, तिथं डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांचे कोर्टाचे आदेश निघाले होते, नागपूर त्यात येत नाही. इथं खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, ते संपलं की तपासणी करून पाच वर्षांसाठी वाढवून मिळतं. एप्रिल २०२२ पासून कारची फी ६०० वरून ५ हजार झाली. उशीर केला तर महिन्याला ५०० चा भुर्दंड, म्हणून नोव्हेंबर उजाडायची वाट पाहू नका.

आता त्या तपासणीत इन्स्पेक्टर काय पाहतो? चेसिस नंबर आणि इंजिन नंबर. दोन्ही आरसीवर छापलेले असतात. इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो, हेडवर नाही. याचा अर्थ लक्षात येतोय का? तुमचाच ब्लॉक ठेवून आतलं सगळं नवं केलं, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, अगदी दुसरं हेड टाकलं, तरी नंबर तोच राहतो, आरटीओत सांगायलाही जावं लागत नाही. पण ३० हजारवालं सेकंडहँड इंजिन टाकलं तर नंबर बदलला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, आणि ते इंजिन कुठून आलं त्याचं बिल, ज्या गाडीतून काढलं तिचे कागद दाखवावे लागतात. तोंडी गॅरंटी देणारा माणूस हे कागद देईल का, तुम्हीच सांगा.

हे मी वाचून नाही, भोगून सांगतो. माझ्याकडे ओम्नी होती, तिच्यात मी स्वस्तात दुसरं इंजिन टाकलं होतं, कुणाकडून घेतलं ते जाऊ द्या. इंजिन चांगलं निघालं हो, तक्रार नाही, दोन वर्षं मस्त चालली. मग विकायला काढली, घेणारा तयार, पैसे ठरले, गाडी तपासायला नेली. तिथल्या माणसानं चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल फिरवली, छाप उमटला, बरोबर. मग बोनेटखाली टॉर्च मारली, फडक्यानं पुसलं, एक-एक आकडा वाचला आणि आरसी माझ्या हातात परत दिली. बोलला काहीच नाही. मी बिल मागायला गेलो तर दुकानवाला म्हणे तेव्हाचं बिलबुक नाही आता. पुढचे आठ महिने ती ओम्नी माझ्या अंगणात उभी होती, घेणारा केव्हाच दुसरीकडे गेला. तुमचं तर रिन्यूअल पाच-सहा महिन्यांवर आहे.

सेकंडहँड इंजिनबद्दल अजून एक, मग पुढं जाऊ. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरीचं पाणी आलं तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या होत्या, बोनेटपर्यंत चिखल. त्या गाड्या गेल्या कुठं? काही दुरुस्त झाल्या, काहींची इंजिनं सुटी होऊन बाजारात आली असणार. पाणी आत जाऊन सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड किंचित वाकतो, इंजिन चालू होतं, चालतंही, आणि काही महिन्यांनी रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. तीन महिन्यांची गॅरंटी तोपर्यंत संपलेली. घ्यायचंच असेल कुणाला तर चालू करून, गरम करून, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, समोर मोजून घ्या, सिलिंडरा-सिलिंडरात साधारण एका किलोपेक्षा जास्त फरक नको, आणि स्टार्टर काढून आतल्या कोपऱ्यात बोट घाला. वाळलेला गाळ लागला तर नमस्कार करून निघा.

एक लाख पाच हजारवाल्याबद्दल जास्त बोलत नाही. काम चांगलं होईल, पण १५ वर्षांच्या गाडीत तेवढे घालायचे तर ते डाउन पेमेंटमध्ये घाला.

म्हणून माझं मत बाबांच्या बाजूनं, पण अटी लावून. बॉडी चांगली निघाली तर स्वतःचाच ब्लॉक बनवा. मिस्त्रीला आधी फक्त उघडायला सांगा, उघडायचे वेगळे तीन-साडेतीन हजार ठरवून घ्या, काम पुढे झालं तर ते त्यात वळते, नाही झालं तर दिले अन् विषय संपला. हे आधी ठरवलं नाही की काय होते, इंजिन टेबलावर सुटं पडते, तुम्ही लाजेखातर हो म्हणता. आणि उघडताना तिथं उभे राहा, सुटी टाका एक दिवसाची.

ऑइलची प्लेट काढली की आधी ऑइल पाहा, दुधाच्या चहासारखं झालेलं असेल तर त्यात पाणी गेलेलं आहे. हेड उतरलं की सिलिंडर बोअर करणारा कारागीर त्यावर सरळ पट्टी उभी धरून खालून पातळ पाती सरकवतो, ०.०५ मिलिमीटरची पाती आरपार गेली तर हेड वाकलं. थोडं असलं तर फेसिंग करून सरळ होतं, पण प्रेशर लावून तडा तपासल्याशिवाय फेसिंगचे पैसे देऊ नका, तडकलेलं हेड घासून गुळगुळीत केलं तरी तडकलेलंच राहते. मग सिलिंडरच्या भिंतीवर नख फिरवा, वरून खाली. नख अडकलं तर बोअर करून ०.२५ किंवा ०.५० चा ओव्हरसाइज पिस्टन, नाही अडकलं तर होनिंग, म्हणजे भिंतीची हलकी घासणी, आणि रिंगांवर भागू शकतं. शेवटी क्रँकची, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याची, बेअरिंगं, ती राखाडी असायला पायजे, निळी-काळी पडली असतील तर तेलाशिवाय घासली, मग क्रँक ग्राइंडिंगला जातो. तो खडखड आवाज तुम्ही लिहिलाय तो मला इथलाच वाटतो, म्हणून ४० नाही, ४५ च्या वरचंच धरा.

आणि ब्लॉकला तडा निघाला तर? मग थांबा. नवा ब्लॉक म्हणजे नवा नंबर, म्हणजे परत तेच. तेव्हा गाडी काढा, पण २८ हजार देणाऱ्या कबाड्याला नुसती किल्ली देऊन नाही. तो गाडी फोडेल, आरसी मात्र तुमच्या नावावर जिवंत राहील, उद्या तुमची नंबरप्लेट कुठल्या गाडीला लागली तर पोलीस तुमच्या दारात. सरकारमान्य स्क्रॅपिंग सेंटरला द्या, तिथं जमा केल्याचं सर्टिफिकेट मिळतं, रजिस्ट्रेशन रद्द होतं, आणि नवी खासगी गाडी घेताना त्या सर्टिफिकेटवर मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत द्यायची तरतूद केंद्राच्या नियमात आहे, आपल्या राज्यात त्या वेळी किती मिळते ते आरटीओत विचारून घ्या. भाव कबाड्यापेक्षा थोडा कमी मिळेल कदाचित. पोलिसांच्या चकरा वाचतात.

इन्शुरन्स विसरा. साध्या पॉलिसीत बिघाड धरत नाहीत, आणि इंजिन प्रोटेक्ट म्हणून जे जास्तीचं घेतात ते मुख्यतः पाणी शिरल्यावर आणि ऑइल गळाल्यावर कामाला येतं, उकळलेल्या इंजिनला नाही.

काम झालं तर टायमिंग बेल्ट नवाच टाका, जुना परत चढवू देऊ नका, तो तुटला की वाल्व वाकतात आणि ४५ हजार पाण्यात. रेडिएटरमध्ये कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. पहिले हजार किलोमीटर रिंगा बसेपर्यंत गाडी खेचू नका, मग ऑइल बदला. सासुरवाडीला तेवढे दिवस एसटीनं जा, डाळीचं पोतं मेहुण्याला पाठवायला सांगा.

प्रश्न : सासऱ्यांची २००५ ची अल्टो आहे. सकाळी चालू केली की मागून निळा धूर येतो, दोन मिनिटांनी बंद होतो. ऑइल महिन्याला पाव लिटर कमी होते. गॅरेजवाला इंजिन काम करा म्हणतो, ३५ हजार. सासऱ्यांचा जीव आहे गाडीत, पण ते आता फक्त सकाळी तेलंगखेडीला फिरायला जायला चालवतात. करावं का? (प्रतापनगर)

उत्तर : नाही ताई, ३५ हजार कशाला. रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्यांदाच धूर आणि मग साफ, म्हणजे वाल्वच्या टोप्या, ज्याला सील म्हणतात, त्या कडक झाल्या आहेत, त्यातून रात्री थेंब थेंब ऑइल खाली उतरतं. गाडी चढावर किंवा गिअर बदलून जोर लावल्यावर सतत निळा धूर सोडत असती तर रिंगा गेल्या म्हटलं असतं. दुसऱ्या एखाद्या मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन तपासून घ्या, ते चांगलं असेल तर फक्त सील बदलून घ्या, चार-पाच हजारात व्हावं. नाही बदललं तरी फिरायला जाण्यापुरतं महिन्याला पाव लिटर ऑइल टाकत राहिलात तर गाडी रस्त्यात बंद पडणार नाही. फक्त एक, २० वर्षांच्या वरच्या कारला रिन्यूअल फी २०२५ पासून १० हजार झाली आहे, आरसीची तारीख पाहून ठेवा. ते १० हजार द्यायचे का नाही हे सासऱ्यांना विचारा, मी त्यात पडत नाही.

प्रश्न : जुन्या झेनचं इंजिन गेलं आहे. तसंही बदलायचंच आहे तर स्विफ्टचं १.२ बसवता येईल का? मित्र म्हणतो माउंटिंग थोडे बदलावे लागतात फक्त. (हिंगणा रोड)

उत्तर : माउंटिंग बदलतात, वायरिंग बदलते, ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बदलतो, रेडिएटर पुरत नाही, ब्रेक तेच राहतात जे कमी ताकदीच्या हिशेबानं बनवले होते. हे सगळं जमवलं तरी आरसीवर चढणार नाही, कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय, आणि असा बदल पाहिल्यावर इन्शुरन्सवाले अपघाताच्या दिवशी हात वर करतात. झेनचंच इंजिन बनवून घे. मित्राला म्हणावं, तुझ्या गाडीत बसव आधी.